बी इमारतीचा भूकंप

आमच्या घरात भूकंप सगळ्यांत आधी डब्यांना कळायचा. आई डबे करून द्यायची. हडपसरच्या कारखान्यांत कामाला आलेले, खोली करून राहणारे एकटे पुरुष हे तिचं गिऱ्हाईक. त्यांतले बरेच आमच्याच यवतमाळ-वाशीमकडचे. धुतलेले रिकामे डबे स्वयंपाकघराच्या भिंतीलगत एकावर एक रचलेले असत. जमीन जराशी हलली की त्या चळतींतून बारीक किणकिण सुरू व्हायची, ती वाढत जायची, मग झाकणं थरथरायची आणि आई भाकरी थापता थापता हात वरच्यावर थांबवायची. आम्ही सगळे एकमेकांकडे बघत राहायचो. बहुतेक वेळा तेवढ्यावर भागायचं. आवाज विरायचा, आई पुढची थाप मारायची आणि बाबा पेपरातून डोकं वर न काढता म्हणायचे, "कोयनेकडं हाललं वाटते."

त्या स्वयंपाकघराबद्दल सांगायला हवं, कारण पुढचा सगळा तंटा तिथूनच उभा राहिला. सकाळी आम्हाला जाग यायची ती ठेच्याच्या ठसक्याने. लोखंडी खलबत्त्यात मिरच्या, लसूण आणि शेंगदाणे कुटण्याचा तो आवाज आमच्या घराचं घड्याळ होतं. बुधवारी कढीगोळे, एक दिवस आंबाडीची भाजी, एक दिवस मुगवड्यांचा रस्सा, आणि रोज ज्वारीच्या भाकऱ्या. आई पुण्यात राहून पुण्याचं बोलायला शिकली, पण आमटीत गूळ घालायला शेवटपर्यंत शिकली नाही. बाबा कारखान्यात फिटर होते. पाळी दुपारची असली की तेही कांदे चिरायला बसत. डबे भरायचं काम माझं आणि धाकट्या नंदूचं. कुणाला तिखट कमी, कुणाचा उपवास, कोण गावी गेलाय, कुणाचा डबा काल परत आला नाही, हे सगळं मी कॅलेंडरच्या मागच्या बाजूला लिहून ठेवत असे. याद्या करायची माझी खोड तिथली. आजही माझ्या फ्रिजचं दार याद्यांमुळे दिसत नाही आणि घरातले त्यावरून टोमणे मारतात. मारू देत. त्यांची औषधं वेळेवर येतात.

आमच्या स्वयंपाकघरातल्या मांडणीला आडवी नाडी बांधलेली असे, भांडी खाली येऊ नयेत म्हणून. हे फक्त आमचं नव्हतं. बी इमारतीत प्रत्येक घरात मांडणीला काहीतरी बांधलेलं असे. कुणाची सुतळी, कुणाची जुनी ओढणी, कुणाची परकराची नाडी. नवं बिऱ्हाड आलं की शेजारीण पहिल्या आठवड्यात काहीतरी निमित्त काढून यायची आणि जाताना सांगायची, मांडणी बांधून घ्या हो. ही रीत कुणी पाडली ते कुणालाच आठवत नव्हतं. कुणी त्याचं कारणही विचारत नसे. गॅसजवळ काडेपेटी ठेवावी तशी ती नाडी होती.

समोरच्या ए इमारतीत एकाही घरात अशी नाडी नव्हती. दोन्ही इमारती एकाच बिल्डरने, एकाच नकाशावरून, एका वेळी बांधलेल्या. दोन्ही चार मजली, दोन्हींचा रंग तोच पिवळट. ए पुढे रस्त्याच्या बाजूला आणि बी मागे. एच्या पायरीशी काळा कातळ उघडाच पडलेला होता. आम्ही मुली त्यावर खडूने चौकोन आखून लंगडी खेळायचो. तिथे कुणी तुळस लावली तर ती कुंडीतच लावावी लागे. बीच्या मागची जमीन मात्र मऊ. बाबांनी शेवग्याची नुसती फांदी खोचली तर तिने जीव धरला आणि बघता बघता ती दुसऱ्या मजल्याच्या खिडकीला लागली. आमच्या शेवग्याच्या शेंगा ए इमारतीतही जायच्या. ए इमारतीतल्या बायका म्हणायच्या, तुमच्याकडे काय हो, काहीही लावा, येतं. आज विचार करते तेव्हा वाटतं, एवढा मोठा पुरावा आम्ही दोन्ही इमारतींनी मिळून आमटीत घालून खाल्ला.

एमध्ये बँकेतले, विमा कार्यालयातले, शाळा-कॉलेजातले लोक होते. बहुतेक पेठांतून मोठी जागा हवी म्हणून इकडे आलेले. बीमध्ये आम्ही. कारखान्यातले कामगार, एक पोस्टमन, विश्रांतवाडीहून आलेलं एक बौद्ध कुटुंब ज्यांच्या घरी इमारतीतली सगळ्यांत जास्त पुस्तकं होती, आणि आमच्यासारखी विदर्भातून आलेली घरं. भांडण नव्हतं. गणपतीत आरतीला सगळे एकत्र, कोजागरीला दूध एकत्र. पण ए इमारतीतले लोक आमच्याबद्दल बोलताना 'तुम्ही लोक' म्हणत, आणि त्या दोन शब्दांत ते काय काय भरू शकत हे मला चौदा-पंधरा वर्षांची होईपर्यंत नीट कळलं नव्हतं.

त्या सकाळी ते कळलं. डबे भरायची वेळ होती. कढी उकळत होती, नंदू माळ्याखाली पाटावर बसून डब्यांवर नावाच्या चिठ्ठ्या चिकटवत होता. किणकिण सुरू झाली आणि या वेळी ती थांबली नाही. चळती एका बाजूला झुकल्या आणि कोसळल्या. फरशी पायाखाली डावी-उजवीकडे जात होती. जोराने नाही, होडीत उभं राहिल्यासारखी, आणि दर हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा. मांडणीवरची भांडी नाडीने धरली. पण माळ्यावरच्या मोठ्या पितळी पातेल्याला नाडी नव्हती. ते नंदूच्या कपाळावर आलं. आईने एका हाताने गॅस बंद केला आणि दुसऱ्या हाताने त्याला उचललं, तो सात वर्षांचा घोडा, आणि आम्ही जिन्याने खाली आलो. जिन्यात अख्खी इमारत होती. कुणाच्या हाताला पीठ, कुणाच्या तोंडाला पेस्टचा फेस, आणि भिंतीतून वाळूसारखं काहीतरी अंगावर गळत होतं.

खाली अंगणात आम्ही सगळे उभे होतो. नंदूचं रक्त आईच्या पदरातून ठिबकत होतं. समोर ए इमारतीच्या गॅलऱ्यांत लोक येऊन बघत होते, रस्त्यावरची मिरवणूक बघावी तसे. सोसायटीचे अध्यक्ष परचुरेकाका, विमा कार्यालयातून निवृत्त झालेले, पहिल्या मजल्यावर चहाचा कप घेऊन उभे होते. त्यांनी विचारलं, काय झालं. पोस्टमनकाकांनी सांगितलं, भूकंप झाला. परचुरेकाका म्हणाले, "कधी?"

"आत्ता, साहेब. आत्ताच."

परचुरेकाकांनी आपल्या कपाकडे बघितलं, मग आमच्याकडे. "इथे कपातला चहासुद्धा हलला नाही," ते म्हणाले. "भूकंप काय इमारत बघून येतो का?"

गॅलऱ्यांतले लोक हसले. वाईट हेतूने नाही, हेही मला आज दिसतं. वाक्य चांगलं होतं म्हणून हसले. पण माझ्या भावाच्या कपाळाला खोक पडली होती आणि वर लोक हसत होते. बाबांनी रिक्षा आणली, नंदूला टाके पडले, संध्याकाळी बातम्यांत कोयनेकडच्या धक्क्याचं सांगितलं. तेव्हा निदान कुणीतरी येऊन दोन शब्द बोलेल असं मला वाटलं होतं. परचुरेकाकू वाटीभर शिरा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, अहो, झाला असेल धक्का, पण तुम्ही लोक जरा जास्तच घाबरता. आईने शिरा घेतला, वाटी घासून परत दिली आणि त्या दिवसापासून शेवग्याच्या शेंगा ए इमारतीत जायच्या बंद झाल्या.

त्यानंतर बीच्या भिंतींत तडे दिसायला लागले. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपे निघणारे, जिन्यात पायरीपायरीने चढणारे. आमच्या लोकांनी अध्यक्षांकडे अर्ज केला की कुणी जाणकार आणून इमारत दाखवा. त्याचं उत्तर फलकावर लागलं. पुण्यात माणसं एकमेकांशी फलकावरून जास्त बोलतात. परचुरेकाकांच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं की भिंतींना तडे जात असल्याने बी इमारतीतील रहिवाशांनी घरात मिरची, मसाला अथवा चटणी कुटू नये. कुटायचेच असल्यास आवारात येऊन कुटावे.

हे लिहितानाही माझे कान गरम होतात. कातळावर बसलेल्या शिकल्यासवरल्या माणसांच्या कमिटीने विचार केला, बैठक घेतली, आणि निष्कर्ष काढला की चार मजली इमारत आमच्या ठेच्याने तडकली. दुसऱ्या दिवशी आईने खलबत्ता उचलला, तो ए इमारतीच्या पायरीशी उघड्या कातळावर नेऊन ठेवला आणि डब्यांचा सगळा ठेचा तिथे बसून कुटला. घण, घण, घण. वरून कुणीतरी विचारलं, वहिनी, इथे का? आई म्हणाली, "आवारात कुटा असं लिहिलंय. तुमची इमारत पक्की आहे, तिला काही होणार नाही." आठवडाभराने तो फलक उतरला. उतरला म्हणजे नुसता काढला. चुकलं असं कुणी लिहिलं नाही.

मी आता वारज्यात राहते. हे घर घेताना मी प्रश्नांची यादी घेऊन गेले होते, आणि पहिला प्रश्न होता की इमारतीखाली काय आहे. विक्रीच्या टेबलावरचा मुलगा गोंधळला आणि म्हणाला, मॅडम, खाली दोन लेव्हल पार्किंग आहे. मी म्हटलं, त्याच्या खाली. त्याने मला पोहण्याचा तलाव दाखवला. लोक स्वयंपाकघराची दिशा विचारतात, देवघर कुठे येईल विचारतात, जिममध्ये सायकली किती ते विचारतात. या शहराचं अर्धं अंग काळ्या कातळावर आहे आणि उरलेलं नदीकाठच्या गाळावर, काळ्या मातीवर, बुजवलेल्या ओढ्यांवर आणि भरून टाकलेल्या खाणींवर. आपण कशावर झोपतो हे कुणी विचारत नाही. माझ्या मैत्रिणीच्या सोसायटीच्या नावात सरोवर आहे. सरोवर कुठे गेलं, असं मी तिला विचारलं तर ती म्हणाली, काय गं, नुसतं नाव आहे. नुसतं नाव नाही, बाई. पत्ता आहे.

असो. तडे पडून वर्ष झालं नसेल, तोवर सोसायटीत नवी योजना आली. बिल्डर बी इमारतीवर आणखी एक मजला चढवायला तयार होता. त्या बदल्यात तो दोन्ही इमारती रंगवून देणार होता आणि कार्यक्रमांसाठी एक हॉल बांधून देणार होता. हॉल एच्या बाजूला, मजला आमच्या डोक्यावर. सभेत आई उभी राहिली. ती सभेत बोलायची ही पहिलीच वेळ, पदर दोनदा सारखा केला. ती म्हणाली, आमची इमारत हलते, तिच्यावर आणखी ओझं नको. परचुरेकाकांनी चष्म्यावरून बघत सांगितलं की प्लॉटची तपासणी झालेली आहे, कंबरेएवढ्या खोलीवर कातळ आहे, आणि हे लेखी आहे.

"कुठे खणून बघितलं होतं?" आईने विचारलं.

"प्लॉटमध्ये," परचुरेकाका म्हणाले. "समुद्रात नाही."

पुन्हा हशा. त्यानंतर ए इमारतीतली मुलं आईला भूकंपबाई म्हणायला लागली. ती भाजी घेऊन आली की फाटकाशी अंग डोलवून दाखवत. बाबांना ते फार लागलं. ते तिला म्हणाले, जाऊ दे नं, कायले वाद घालतं, आपण भाड्यानं दुसरीकडं जाऊ. आई म्हणाली, आपण जाऊ हो. मग आपल्या घरात येईल तो कोण? त्याच्या पोराच्या डोक्यावर काय पडेल?

त्या उन्हाळ्यात पाणी आटलं. टँकरला वैतागून कमिटीने बोअर घ्यायचं ठरवलं आणि जागा दाखवायला पाणाड्या बोलावला. तो तळहातावर नारळ आडवा ठेवून आवारभर फिरला. त्याच्यामागे विम्यातले निवृत्त अधिकारी, बँकेतले दोघं आणि कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणारे एक सर चपला काढून चालत होते. बीच्या मागे, आमच्या शेवग्यापासून थोड्या अंतरावर, तो नारळ उभा राहिला. सगळ्यांनी मान डोलावली. मला नारळाबद्दल काही म्हणायचं नाही. पण जमिनीखाली पाणी कुठे आहे हे नारळाला विचारायला ती कमिटी तयार होती, आणि जमिनीखाली जमीन आहे का, हे त्या जमिनीवर राहणाऱ्या माणसांना विचारायला तयार नव्हती, हे मी अजून विसरलेले नाही.

बोअरची गाडी आली. उदबत्ती लावून, नारळ फोडून यंत्र सुरू झालं. आवाजाने कान बधिर झाले. दोन्ही इमारती बघायला खाली उतरल्या होत्या. बोअर घेताना माती ढासळू नये म्हणून कडेने लोखंडी पाईप सोडत जातात. कातळ लागला की ते थांबवतात, कारण कातळ आपला आपण उभा राहतो. परचुरेकाकांनी कंबरेएवढ्या कातळाच्या हिशेबाने जेमतेम पाईप मागवले होते. कातळ लागला असता तर भोकातून राखाडी भुकटी उडाली असती. आमच्याकडे काळा चिखल आला. मग विटांचे तुकडे. मग कौलांचे. मग टायरच्या रबराच्या पट्ट्या, काचेच्या बांगड्या, चपलेचा पट्टा आणि पुन्हा चिखल. पाईप संपले. गाडीवाला म्हणाला, अजून लागतील. आणखी मागवले, तेही आत गेले. यंत्र गुरगुरत होतं आणि जमिनीतून कुणाचा तरी जुना संसार बाहेर येत होता. मुलं बांगड्यांचे तुकडे वेचायला धावली. कितीतरी वेळाने, नवे पाईपही संपत आले तेव्हा, यंत्राचा आवाज बदलला, खणखणीत झाला आणि भोकातून राखाडी धूळ उडाली.

यंत्र बंद झालं. आई हातात कालथा घेऊनच खाली आली होती. ती चिखलाच्या ढिगाजवळ गेली, त्यातला विटेचा तुकडा तिने पायाने उलटा केला आणि मान वर करून म्हणाली, "अध्यक्षसाहेब, पाईपला कातळ लागायला इतकं खाली जावं लागलं. मग आमच्या खांबांना तो कंबरेएवढ्यावर कसा लागला?"

कुणी हसलं नाही. परचुरेकाकांनी गाडीवाल्याकडे वळून विचारलं, पाणी लागेल ना? दुसऱ्या दिवशी फलकावर सूचना लागली की बी इमारतीमागील जमीन सदोष निघाल्याने बोअरच्या कामास विलंब होत आहे. बोअरसाठी जमीन सदोष होती. इमारतीसाठी तीच जमीन निर्दोष.

आता मात्र बी इमारत हलली, आणि या वेळी धक्क्याची गरज पडली नाही. बाबांच्या एका सहकाऱ्याची बहीण, रेवतीताई, बांधकामाची अभियंता होती. बाबा स्वतः तिला घेऊन आले. भाड्याने दुसरीकडे जायचं पुन्हा कधी बोलले नाहीत. रविवारी आमच्या पुरुषांनी तिच्या देखरेखीखाली कोपऱ्यातल्या खांबाशी खड्डा खणला. खांबाचा पाया सापडला. तो त्याच विटा-कौलांच्या भरावावर टेकला होता. जुनी दगडखाण होती ती. कातळ काढून नेला, खड्ड्यात शहराची घाण ओतली, वरून माती पसरली आणि आम्हाला सदनिका दिल्या. बिल्डरने एकच चाचणी-खड्डा घेतला होता, फाटकाशी, एच्या बाजूला, आणि तिथला कातळ दोन्ही इमारतींच्या नावावर लिहून टाकला होता.

सभा बीच्या तळाशी, खांबांमधल्या मोकळ्या जागेत, सतरंजीवर झाली. रेवतीताई बोलायला उभी राहिली तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, वय काय असेल. तिने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. ती म्हणाली, दोन्ही इमारतींना धक्का एकच आला. कातळातून तो झटकन निघून जातो. भरावात शिरला की तो मंदावतो, आणि मंदावला की फुगतो. आत अडकल्यासारखा पुन्हा पुन्हा हेलकावतो. शिवाय प्रत्येक इमारतीला स्वतःचा एक झोका असतो. इथल्या भरावाचा झोका आणि चार मजली इमारतीचा झोका जवळजवळ एका लयीत आहेत. झोपाळ्यावरच्या मुलाला नेमक्या वेळी ढकललं तर तो जसा उंच जातो, तसं या इमारतीचं होतं. "परचुरेकाका," ती म्हणाली, "तुमचा चहा हलला नाही हे खरं आहे. यांचं पातेलं पडलं हेही खरं आहे."

परचुरेकाकांनी विचारलं, आणि मजला? ती म्हणाली, वर वजन वाढलं की खालच्या खांबांवरची ओढ वाढते. खांब आहेत तेवढेच राहणार. मजला विसरा, आधी पाये एकमेकांना बांधून घ्या आणि इथे खाली भिंती घाला.

मग बाबा बोलले. मी त्यांना चारचौघांत बोलताना त्याआधी ऐकलं नव्हतं. ते आमच्या भाषेत बोलले, पुण्याचं बोलायचा प्रयत्नही केला नाही. "आमच्या गावात काळीत पेरतात आन् पांढरीत राहतात. काळी हालते, पांढरी हालत नाही. हे आमच्याकडं लेकराले बी ठाऊक आहे. इथं तं तुम्ही आम्हाले ना काळीत ठेवलं ना पांढरीत. खाणीत ठेवलं, आन् वरून भित्रे म्हणता."

ए इमारतीतले बँकवाले म्हणाले, मग घर घेताना बघायचं होतं. मी आजवर ऐकलेल्या वाक्यांत ज्यांचा मला सगळ्यांत जास्त संताप येतो त्यांची एक यादी आहे, आणि हे त्यात बरंच वर आहे. आम्ही बघितलं होतं की. नकाशा बघितला, नळ सोडून बघितले, ऊन कुठून येतं बघितलं. ज्याने 'लेखी' दिलं होतं त्याने खाली बघायचं होतं. पण माझं कुणी ऐकणार नव्हतं आणि आईने माझा दंड धरून ठेवला होता.

पाऊणएक तास वाद झाला. शेवटी परचुरेकाकांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि इतिवृत्ताचा कागद पुढे ओढून, लिहिता लिहिताच मोठ्याने वाचलं: बी इमारतीतील महिलावर्गाच्या भावना लक्षात घेऊन वाढीव मजल्याचा विषय तूर्त स्थगित करण्यात येत आहे. आमच्या बाजूच्या लोकांनी सुटकेचा श्वास सोडला. कुणी टाळ्यासुद्धा वाजवल्या. मजला होणार नव्हता. आम्ही जिंकलो होतो. बाबा सतरंजीचं टोक उचलायला वाकले. सभेची आमच्याकडची रीत अशी होती की इतिवृत्तावर हजर असलेल्या सगळ्यांनी सही करायची, तसा तो कागद हातोहात पुढे आला.

आई उठली नाही. कागद तिच्यापाशी आला तेव्हा तिने तो वाचला आणि उलटा परचुरेकाकांकडे सरकवला.

"भावना खोडा," ती म्हणाली. "भराव लिहा."

"वहिनी, मजला रद्द झाला ना? मग शब्दांवर काय अडलंय?"

"रद्द नाही, तूर्त लिहिलंय तुम्ही. उद्या दुसरी कमिटी येईल. ती म्हणेल, बायकांच्या भावना होत्या, आता शांत झाल्या. भावना शांत होतात, साहेब. भराव होत नाही."

 परचुरेकाका एका विशिष्ट प्रकारे टोपण लावत पेनला, काम संपलं असं सांगण्यासाठी. तसं त्यांनी लावलं. रेवतीताई जागची हलली नाही. बाबांनी सतरंजीचं टोक सोडलं आणि परत मांडी घालून बसले. मग पोस्टमनकाका बसले. विश्रांतवाडीच्या घरातले आजोबा, जे निघून जिन्यापर्यंत गेले होते, ते परत आले आणि त्यांनीही बसून घेतलं. ए इमारतीतल्या लोकांनी घड्याळं बघितली, पण सही झाल्याशिवाय त्यांनाही जाता येत नव्हतं.

शेवटी परचुरेकाकांनी टोपण काढलं. खोडलं ते नीट पट्टी धरून खोडलं, शिस्तीचे होते. वर लिहिलं की बी इमारत जुन्या खाणीतील भरावावर उभी असल्याचे प्रत्यक्ष खोदून आढळले आहे, तिच्यावर कोणतेही वाढीव बांधकाम करू नये, आणि पाये व खांब यांचे मजबुतीकरण आधी करावे. आईने ते वाक्य बोट ठेवून मोठ्याने वाचलं. 'खोदून आढळले' इथे ती क्षणभर थांबली आणि पुढे गेली. मग तिने पेन मागितलं आणि सही केली. तिच्यामागून बी इमारतीतल्या बायका एकेक करून पुढे आल्या. कागदाच्या तळाशी जागा संपली तेव्हा उरलेल्यांनी समासात सह्या केल्या.